बोट की पासकोड?

परवा आमच्या ऑफिसातल्या मुलाने नवा फोन घेतला. सेटिंग करता करता त्याने विचारलं, "सर, बोट लावून ठेवू की नुसता पासकोड?" मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. दोन्ही प्रकार मी काही वर्षं वापरले आहेत आणि त्यातला एक विचार करून सोडला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोनमधला डेटा दोन्हीकडे एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

ही बरोबरीची दोन कुलपं नाहीत, हे आधी लक्षात घ्या. डेटा ज्या किल्लीने बंद असतो, ती तुमचा पासकोड आणि चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा यांतून तयार होते. बोट ही वरची सोय. म्हणूनच फोन बंद करून चालू केला की तो बोट घेत नाही, आधी पासकोड मागतो. म्हणजे पासकोड असतोच. त्याच्यावर बोटाची खिडकी ठेवायची का, एवढंच आपण ठरवतो.

सोयीत बोट फार पुढे आहे, यात वाद नाही. एका हातात भाजीची पिशवी, मागे माणसं उभी, समोर क्यूआर कोड, अशा वेळी नऊ अक्षरं टाइप करणं जिवावर येतं. शिवाय पासकोड दिसतो. एसटीत शेजारच्याला दिसतो, दुकानातल्या सीसीटीव्हीलाही दिसतो. पासकोड पाहून ठेवलेल्या माणसानेच पुढे फोन मारला, तर सगळं गेलं. बोटाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलायला हवी. बोट वापरणाऱ्याला पासकोड क्वचितच टाकावा लागतो, त्यामुळे तो लांब ठेवणं परवडतं. नुसत्या पासकोडवाले कंटाळून चार आकड्यांवर येतात. ॲपलच्या सुरक्षा पुस्तिकेतला हिशेब असा आहे की एक पासकोड तपासायला फोनला साधारण 80 मिलिसेकंद लागतात. चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबवून ठेवणारे बाकीचे अडथळे कोणी चुकवलेच, तर चार आकडी सगळे पासकोड 13-14 मिनिटांत संपतात आणि सहा आकडी 22 तासांत. लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून सहा जागा केल्या, तर साडेपाच वर्षं लागतात.

इथपर्यंत वाचून बोटच बरं, असं वाटेल. डिसेंबर 2023 पर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

त्या महिन्यात मिरजेत माझं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. भूल पुरती उतरली नव्हती. खाली काउंटरवर कॅशलेससाठी पॉलिसीचं कार्ड मागत होते आणि ते माझ्या फोनमध्ये होतं. बायको औषधं आणायला गेली होती, जवळ मेहुणा होता. त्याने उशीखालचा फोन काढला आणि माझा उजवा अंगठा त्यावर टेकवला. अंगठा कोरडा पडला होता, दोनदा लागलाच नाही. मग त्याने ट्रेमधला कापूस पाण्यात बुडवून अंगठा पुसला, स्वतःच्या शर्टाला टिपून कोरडा केला आणि पुन्हा लावला. या वेळी फोन उघडला. हे सगळं नंतर त्यानेच मला सांगितलं, अगदी सहज. यात सांगू नये असं काही आहे, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

कार्ड मिळालं, काम झालं. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण कार्ड शोधताना त्याने व्हॉट्सॲप उघडलं आणि तिथे सगळ्यात वर एका क्लायंटची चॅट होती. हा क्लायंट आमच्या नात्यातलाच. मी सांगलीत करसल्लागार आहे आणि नात्यातली बरीच माणसं माझ्याकडेच रिटर्न भरतात. त्या चॅटमध्ये आयकराच्या नोटिशीचा फोटो होता, थकबाकीचा आकडा होता, आणि घरी कळू देऊ नका अशी विनंती होती. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या एका आत्याबाईंनी मला तो आकडा जसाच्या तसा सांगून विचारलं, "खरं का रे हे?" फेब्रुवारीत तो क्लायंट आला. चहा घेतला, आवाज चढवला नाही, फक्त स्वतःची फाईल मागितली. बारा वर्षांची फाईल होती. मी ती कपाटातून काढून दिली. त्याने दोरी नीट बांधली आणि तो गेला.

मेहुण्यावर माझा राग नाही. मला लागलं ते वेगळंच. मी तिथे होतो, बोट माझंच होतं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं. मराठीत आपण सही करतो, अंगठा मात्र आपला घेतात. माझा घेतला गेला होता.

बरा झाल्यावर मी कायदा वाचायला बसलो. मेहुण्याच्या जागी तपास अधिकारी असता तर काय, हा प्रश्न माझ्या धंद्यात काल्पनिक नाही. राज्यघटनेचं कलम 20(3) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण 1961 साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं ही अशी साक्ष नव्हे. बोट शरीराचा भाग आहे, ते काही सांगत नाही. पुढे 2010 मध्ये सेल्वी खटल्यात न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी नाकारली, कारण ती माणसाच्या मनातलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढते. या दोन निकालांच्या मध्ये आपला फोन ठेवून पाहा. बोट 1961 च्या बाजूला पडतं, डोक्यातला पासकोड 2010 च्या. ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीच्या एका सीबीआय विशेष न्यायालयाने जवळपास हाच फरक केला: पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, बोट किंवा चेहरा मात्र घेता येईल.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. मार्च 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्ध साक्ष होत नाही असं म्हटलं, मात्र फोनच्या झडतीसाठी एरवी न्यायालयाचं वॉरंट हवं असंही बजावलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली रीतसर आदेश निघाला आणि तुम्ही उलगडून द्यायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे पासकोड असला की कोणी हात लावू शकत नाही, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पासकोडसाठी तुम्हाला विचारावं लागतं. विचारलं की कागद येतो, कलम येतं, वकिलाला फोन करायला वेळ मिळतो. बोटासाठी यातलं काहीच लागत नाही. त्यातून 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे आणि बुबुळांचं स्कॅन घेण्याचे अधिकार आणखी वाढवले आहेत.

तपासाची बाजू मी हलकी मानत नाही. मार्च 2025 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं की मोबाइलमधल्या एन्क्रिप्टेड संदेशांवरून 250 कोटींचा बेहिशेबी पैसा सापडला. इमाने कर भरणाऱ्यांची कागदपत्रं मी रोज हाताळतो, त्यामुळे बुडवणाऱ्यांना पकडू नये असं मला कसं वाटेल? 1961 च्या आयकर कायद्यातही धाडीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक हिशेब उघडून दाखवण्याची जबाबदारी होतीच. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या कायद्याच्या कलम 247 ने तर पासवर्ड मिळाला नाही तर तो ओलांडून आत जाण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात ईमेल, सोशल मीडिया, क्लाउड सगळं आलं. माझा आक्षेप अधिकार असण्याला नाही. माझ्या एका फोनमध्ये पावणेदोनशे घरांचे हिशेब आहेत. एकाच्या तपासात बाकीच्यांचं दार आपोआप उघडू नये, आणि उघडायचंच असेल तर कुणीतरी कारण लिहून खाली सही केलेली असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यातही मर्यादा घालायची तर कायदा हवा, गरज हवी आणि प्रमाण हवं, असंच आहे.

इथे मला कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो आठवतं. डिसेंबर 2015 मध्ये तिथे 14 जणांची हत्या झाली. हल्लेखोराचा फोन एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या हाती लागला, तो आयफोन 5सी होता. त्या मॉडेलमध्ये बोटाचा सेन्सरच नाही, होता फक्त पासकोड, आणि दहा चुकांनंतर डेटा पुसला जाईल अशी भीती. सरकारला न्यायालयात जावं लागलं. 16 फेब्रुवारी 2016 ला न्यायालयाने ॲपलला मदत करायचा आदेश दिला, त्याच दिवशी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी खुलं पत्र लिहून विरोध केला, आणि पुढचे सहा आठवडे सगळ्या जगाने तो वाद ऐकला. शेवटी 28 मार्चला बाहेरच्या कुणाच्या मदतीने फोन उघडल्याचं सांगून सरकारने माघार घेतली. गुन्हा भयंकर होता आणि फोन उघडला हे मला चुकीचं वाटत नाही. पण उघडण्याआधी सरकारला न्यायाधीशासमोर उभं राहून मागावं लागलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

रस्त्यावर मात्र न्यायाधीश नसतो. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादमध्ये पोलीस तरुणांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये गांजाबद्दलचे शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी घाबरलेला मुलगा पासकोडही टाकून देतो, आणि त्याला मी दोष देणार नाही. तरी टाकणं ही त्याची कृती असते आणि ती करेपर्यंत "कशासाठी, साहेब?" म्हणायला जागा असते.

मधला मार्गही आहे, आणि बऱ्याच जणांना तो पुरेल. बोट ठेवा, पण गरज पडेल तेव्हा ते बंद कसं करायचं ते हाताला शिकवा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरलं, की पुढच्या वेळी फोन पासकोडच मागतो. अँड्रॉइडवर पॉवरच्या मेनूत लॉकडाउन असतं, काही फोनमध्ये ते आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं. साधं रीस्टार्टही चालतं. मी हे काही महिने करून पाहिलं. अडचण अशी की बटण दाबायला आधी शुद्धीवर असावं लागतं, आणि माझी वेळ आली तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो.

आता मी अनलॉकसाठीचं बोट बंद ठेवलं आहे, बँकेच्या ॲपसाठी मात्र ते चालू आहे. आयफोनवर ही दोन्ही बटणं वेगवेगळी आहेत, सॅमसंगवरही अनलॉकचं बोट वेगळं बंद करता येतं. नऊ जागांचा पासकोड पहिले पंधरा दिवस जड गेला. नंतर अंगठ्यांनाच पाठ झाला. लोकांत फोन जरा छातीशी धरून टाइप करतो. दिवसातून फोन उघडण्याचं प्रमाणही थोडं कमी झालंय असं वाटतं, मोजलेलं नाही.

बॅकअपचं तेवढं विसरू नका. पुढच्या दाराला नऊ अक्षरं आणि मागचं दार उघडं, असं अनेकांचं होतं. व्हॉट्सॲपच्या क्लाउड बॅकअपला 2021 पासून वेगळा पासवर्ड किंवा 64 आकडी किल्ली लावता येते, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. या दारावर सरकारांचाही डोळा असतो: ब्रिटन सरकारच्या मागणीनंतर फेब्रुवारी 2025 मध्ये ॲपलने आपली सगळ्यात कडक क्लाउड सुरक्षा तिथल्या नव्या ग्राहकांसाठी बंद केली.

आईच्या फोनवर मी बोटच ठेवलं आहे. तिला छोटी अक्षरं दिसत नाहीत आणि तिच्या फोनमध्ये तिचंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिवसभर दुकानात पैसे घ्यायचे-द्यायचे आहेत, त्यांनीही बोट जरूर ठेवावं, फक्त खालचा पासकोड सहा आकड्यांपेक्षा मोठा ठेवावा. पण तुम्ही वकील असाल, डॉक्टर, पत्रकार, संघटनेचं काम करणारे किंवा माझ्यासारखे लोकांचे कागद सांभाळणारे असाल, तर माझं मन पासकोडकडे झुकतं. ऑफिसातल्या मुलाला मी तेच सांगितलं, कारण त्याच्या फोनवरही आमच्या क्लायंटचे कागद येतात.

आजारपणाचं काय, असं बायकोने विचारलं, ते बरोबरच होतं. पॉलिसीच्या कार्डाची प्रिंट आता तिच्या पर्समध्ये असते. पासकोड एका बंद पाकिटात लिहून कपाटात पॉलिसीच्या फाईलमध्ये ठेवला आहे, आणि पाकीट कुठे आहे ते तिला आणि मेहुण्याला दोघांनाही मी स्वतः सांगितलं आहे. गेल्या महिन्यात पासकोड बदलला, त्यामुळे पाकिटातला कागदही आज बदलायचा आहे.