सुटी प्रत की बांधीव खंड? इंग्रजी कथा-कादंबऱ्यांवरची जुनी फ्रेंच नाटकं जमवताना

'ल व्हांपीर' या फ्रेंच नाटकाच्या १८२० च्या प्रतीवर लेखकाचं नाव नाही, नुसत्या तीन चांदण्या छापल्यात. त्यामागे शार्ल नोदिए हा फ्रेंच लेखक आणि त्याचे दोन सहलेखक. जॉन पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर' ही इंग्रजी कथा आली १८१९ मध्ये, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये पॅरिसच्या पोर्त-सँ-मार्तँ नाट्यगृहात तिचा मेलोड्रामा झाला आणि त्याच वर्षी बार्बा या प्रकाशकाने तो छापला. अशी एकाच नाटकाची सुटी प्रत हातात घ्यायची मजा वेगळीच. टाके घातलेली पानं, न कापलेल्या कडा, आणि पात्रांच्या यादीत प्रत्येक भूमिकेसमोर नटाचं नाव.

पण सुटी प्रत नाजूक. वेष्टन बहुतेकदा गेलेलं असतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कसर लागायला वेळ लागत नाही. मुंबईत राहणाऱ्याने मी म्हणेन बांधीव खंडच बघावा. त्या काळच्या हौशी लोकांनी आठ-दहा नाटकं एकत्र बांधून घेतलेली असतात. त्यामुळे कागद सुरक्षित राहतो आणि एकेका नाटकामागे पैसेही बरेचदा कमी पडतात. खोट एकच, बांधणाऱ्याने कडा छाटलेल्या असतात, कधी वरची ओळसुद्धा अर्धी जाते. मला ते चालतं. फक्त एकाच नाटकासाठी वेडे असाल, तर सुटीच घ्या.

तिसरा पर्याय १८३० च्या दशकापासूनच्या स्वस्त नाट्यमालांचा (एकामागून एक नाटकं छापणाऱ्या मालिकांचा): मोठं पान, दोन रकाने, बारीक टाइप. 'ला फ्रांस द्रामातीक' या मालेमध्ये जुनी नाटकं पुन्हा छापलेली सापडतात. एका विक्रेत्याने असलंच पुनर्मुद्रण मला 'पहिली आवृत्ती' म्हणून पाठवलं होतं, फोटोत नेमके आतले रकाने दिसत नव्हते! मात्र 'मागाझँ तेआत्राल' या मालेला हसू नका. १८३४ नंतरच्या कित्येक नाटकांची पहिली छपाई तिथलीच आहे.

पहिल्या छपाईची खूण शीर्षकपानावर मिळते. पिक्सेरेकूर या फ्रेंच नाटककाराचं 'रॉबिन्सन क्रूसो' १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये रंगमंचावर आलं, म्हणून त्या वेळच्या प्रतीवर फ्रेंच राज्यक्रांतीने आणलेल्या कॅलेंडरचं 'वर्ष १४' दिसतं. ते वर्ष जेमतेम तीन महिने चाललं, १ जानेवारी १८०६ ला कॅलेंडरच रद्द झालं.

कादंबरीशी इमान शोधायला जाल तर फसाल. रिचर्डसनच्या 'पामेला' या इंग्रजी कादंबरीवरून व्हॉल्तेरने १७४९ मध्ये 'नानीन' केलं, तीन अंकी पद्य विनोदिका! आपल्या देवलांचं 'संशयकल्लोळ' उलट्या वाटेने आलं, मोलिएरकडून इंग्रजीमार्गे मराठीत. तेव्हा ही उचलाउचल आपल्याला नवी नाही.

पैसे पाठवण्याआधी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर त्या नाटकाचं स्कॅन आहे का बघा, ते फुकट आहे. मग विक्रेत्याकडून शीर्षकपान, मधलं एक पान आणि शेवटचं पान यांचे फोटो मागवा. शेवटचं पान मागायला बरेच जण विसरतात, आणि नेमकं तेच फाटलेलं निघतं.