राजारामपुरीतील सुती कापडाचे दुकान : कोऱ्या कापडासाठी जरूर जावे, छापील कापड घेताना चौकशी करावी

कपड्याच्या लेबलवर धागा कोणता हे लिहिलेले असते, पण त्या धाग्यावर पुढे कोणत्या रसायनांची प्रक्रिया झाली याची माहिती गिऱ्हाइकाला सहसा मिळत नाही. ती विचारल्यावर न वैतागता उत्तर देणारे दुकान कोल्हापुरात आहे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

तान्ह्या बाळासाठी झबली आणि दुपटी घ्यायची होती. दुकानदारांनी आधी कोरी, म्हणजे ब्लीच न केलेली, मलमल उलगडून दाखवली. तिच्यावर सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके होते. ब्लीच केलेल्या कापडात ते राहत नाहीत, हे त्यांनी शेजारी पांढरेशुभ्र कापड ठेवून दाखवले आणि खळ निघण्यासाठी कापड रात्रभर भिजवून मगच शिवायला द्या, असेही आपणहून सुचवले. इस्त्री न लागणारे शर्ट ते ठेवत नाहीत. सुरकुती न पडण्याचा गुण बहुधा फॉर्माल्डिहाइड हे रसायन असलेल्या रेझिनमुळे (राळेसारख्या लेपामुळे) येतो आणि कापडात उरलेल्या त्या अंशाने नाजूक त्वचेवर पुरळ उठू शकते, हे त्यांचे कारण मला पूर्णपणे पटले.

तयार झबल्यांवर ओको-टेक्स स्टँडर्ड १०० चे, म्हणजे कापडातील घातक रसायने तपासणाऱ्या मानकाचे, लेबल आहे. या मानकात बाळाच्या कपड्यांसाठी फॉर्माल्डिहाइडची मर्यादा किलोमागे १६ मिलिग्रॅम, तर मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यांसाठी ७५ मिलिग्रॅम आहे. मात्र या लेबलवरून कापूस सेंद्रिय आहे असे ठरत नाही, त्यासाठी गॉट्ससारखे (सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक) प्रमाणपत्र लागते. हा फरक दुकानदारांनी स्वतःच स्पष्ट केला, ही मला त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

छापील कापडाबाबत मात्र समाधान झाले नाही. तिथे ‘नैसर्गिक रंग’ अशी पाटी आहे, पण रंगाऱ्याकडचा एकही कागद नाही. नैसर्गिक रंग पक्का करायला तुरटी वापरतात, तसे तांब्याचे किंवा क्रोमियमचे क्षारही वापरले जातात, त्यामुळे नुसत्या पाटीवर विसंबता येत नाही. ११२ घातक रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे, तरीही रंग कोणता हे कापड पाहून किंवा हाताळून कळत नाही. तपासणीचा कागद येईपर्यंत ती पाटी उतरवावी, अशी माझी विनंती आहे.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारापेक्षा इथले दर बरेच जास्त आहेत. तरीही बाळाच्या कपड्यांसाठी आणि कोऱ्या कापडासाठी मी इथेच येईन. खरेदीपूर्वी लेबलवरचा क्रमांक ते लेबल देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा; दुकानदार त्यासाठी आनंदाने थांबतात.