ताप मोजायचा सेल्सिअसमध्ये की फॅरनहाइटमध्ये?

आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. ‘नागपूर ४५ वर गेलं’ आणि ‘पोराला १०२ ताप आहे’, दोन्ही आपण सहज बोलून जातो. घर दोन देशांत विभागलं की मात्र गोंधळ सुरू होतो. माझी बहीण जर्मनीत असते. एका रात्री तिचा फोन आला, “आई, बाळाला साडेअडतीस ताप आहे गं.” आईला ऐकीव सूत्र आठवलं, दुप्पट करून तीस मिळवायचे. उत्तर आलं १०७! आई मटकन खालीच बसली. खरा आकडा होता १०१.३.

हे सूत्र थंडीच्या दिवसांत हवेसाठी चालतं. १० अंशांना ते अचूक ५० सांगतं, २० ला ६८ ऐवजी ७०. पुढे चूक वाढत जाते आणि ३७ ला, म्हणजे धडधाकट माणसालाही, ते १०४ ताप चढवतं. तापासाठी ते कधीच वापरू नका. त्याऐवजी दुप्पट करा, त्यातला दहावा भाग वजा करा आणि मग ३२ मिळवा. ३९ ची दुप्पट ७८, त्यातून ७.८ गेले, उरले ७०.२, अधिक ३२ म्हणजे १०२.२. हे अगदी अचूक आहे, कारण दहावा भाग गेल्यावर बरोबर १.८ पट उरते. आईच्या फ्रिजवर आता कागद आहे: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

थर्मामीटर कशावर ठेवायचा? इथे राहत असाल तर माझं मत फॅरनहाइटला. शंभरची खूण घरात सगळ्यांना कळते आणि आपले डॉक्टरही बहुधा त्यातच विचारतात. युरोपात असाल तर सेल्सिअसच. रात्री फोनवर नर्सला आकडा सांगताना हिशेब करत बसायला नको. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ३८, म्हणजेच १००.४, दिसताच डॉक्टरांना गाठायचं. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरांत बटण दाबून धरलं की एकक बदलतं, म्हणून आकड्याशेजारचं अक्षरही बघा.

अमेरिकन रेसिपीतल्या ३५० ला ओव्हन १८० वर ठेवा, केक छान होतो.

कारखान्यात सेल्सिअस बरा, पण एक चूक फार होते. अमेरिकन मशीनच्या माहितीपुस्तकात ‘तापमान १८ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त वाढू देऊ नये’ असं असेल, तर ती वाढ आहे. तिथे ३२ चा संबंध नाही. १८ भागिले १.८, म्हणजे १० अंश सेल्सिअस. ३२ वजा करून बसलात तर उत्तर शून्याखाली जातं.

बंद टाकीतल्या हवेचा दाब काढायचा असेल तर केल्विनला, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत कमी तापमानाला शून्य धरणाऱ्या मापाला, पर्याय नाही, सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. २७ वरून ५४ अंश झाले म्हणून दाब दुप्पट होत नाही. ३०० केल्विनचे ३२७ झाले, म्हणजे दाब जेमतेम ९ टक्के वाढला.