भुरी, विजा आणि घट्ट जॅकेट : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मार्चमध्ये आमच्या भुरी कुत्रीसाठी अंगाला घट्ट बसणारं जॅकेट घेतलं. विजांची, फटाक्यांची भीती कमी होते म्हणून विकतात ते. मार्चची अवकाळी, मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वावटळी, अख्खा पावसाळा आणि दिवाळी एवढं सगळं पार पडल्यावर लिहिते आहे. जॅकेटने भीती जात नाही. थरथर कमी होते, तीही वेळेवर घातलं तर. पण त्याच्यासोबत आम्ही घरात जे बदललं, त्याचा गुण मोठा आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायचं होतं.

भुरी गावठी, वजन सतरा किलो. पहिले दोन पावसाळे ती गॅलरीत बसून पाऊस बघायची. मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आली. नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, आणि आमचं घर त्याच्या खालच्या अंगाला. लाइट गेलेली, विजा थांबायला तयार नाहीत, घरात गुडघ्याला लागेल इतकं पाणी. बाबांनी तिला उचलून जिन्यावर नेलं तेव्हा ती दगडासारखी ताठ झाली होती. त्यानंतर नुसतं आभाळ भरून आलं तरी धाप, लाळ, दार खरवडणं. 2024 च्या पावसाळ्यात तिने दाराची चौकट इतकी ओरबाडली की नखातून रक्त आलं. ते रक्त पुसताना मी ठरवलं की पुढचा पावसाळा असा जाऊ द्यायचा नाही.

जॅकेटची पहिली अडचण त्याचं वेल्क्रो. ते उघडताना जो फर्रकन आवाज होतो, त्यालाच भुरी पळाली. मग दुसऱ्या खोलीत, टॉवेलखाली दाबून वेल्क्रो उघडायचं आणि जॅकेट तयार करूनच तिच्याजवळ आणायचं, असं सुरू केलं. पहिला आठवडा ते नुसतं तिच्या ताटलीशेजारी ठेवलं. मग पाठीवर टाकून कलेजीचा तुकडा. मग दोन मिनिटं बांधून लगेच काढायचं. हे सगळं स्वच्छ उन्हाच्या दिवसांत केलं, आणि इथे घाई करू नका असं अगदी कळकळीने सांगते. फक्त गडगडाट सुरू झाल्यावरच जॅकेट निघत असेल, तर कुत्र्याला ते भीतीचीच खूण वाटायला लागतं. माप घेताना छातीचा घेर नीट मोजा. दोन बोटं आत जायला हवीत. आमचं आधी जरा लहान होतं, काखेत केस घासून कातडी लाल झाली, म्हणून बदलून घेतलं.

नागपूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा उन्हाचा आहे. मे महिन्यात दिवसभर 44 अंश आणि संध्याकाळी अचानक वावटळ, विजा. अशा वेळी धापा टाकणाऱ्या कुत्र्याला जाड कापडात आवळणं धोक्याचं आहे. कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापेनेच, आणि भीतीची धाप कोणती, उष्म्याची कोणती, हे बघून ओळखता येत नाही. आम्ही मे महिन्यात जॅकेट फक्त कूलरसमोर घातलं, वीस मिनिटांनी आत हात घालून पाहिलं, अंग तापलेलं वाटलं की काढून टाकलं. दोन वेळा तर घातलंच नाही.

कूलरचा उल्लेख आला तर सांगते, भुरीला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. जिन्याखालची बिनखिडकीची जागा रिकामी करून तिथे तिची गोधडी टाकली, पडदा लावला म्हणजे विजेचा लखलखाट दिसत नाही, आणि कूलर तिकडे वळवला. त्याच्या घरघरीत दूरचा गडगडाट बराचसा बुडून जातो. पावसाळ्यात कूलरच्या गवताच्या ताट्या ओल्या ठेवल्या तर घर चिकचिकतं, म्हणून पंप बंद, नुसता पंखा. मात्र वादळात लाइट जातेच आणि आमच्या इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही. जूनमध्ये असंच झालं. घरघर थांबली आणि त्याच क्षणी वीज कडाडली, भुरी पलंगाखाली गेली ती रात्रभर निघाली नाही. आता बॅटरीवरच्या स्पीकरमध्ये कूलरचाच आवाज रेकॉर्ड करून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडताहेत का ते दाखवतं. त्यावरून तयारीला थोडा वेळ मिळतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं, हे शाळेतलं गणितही रोज कामी आलं. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, म्हणजे जॅकेट घालायला वेळ आहे. भुरी उभी राहून लटपटायला लागल्यावर घातलेल्या जॅकेटचा आम्हाला एकदाही उपयोग झाला नाही.

शेजारच्या काकू पहिल्यापासून सांगत होत्या, ‘‘तिले जवळ नको घेऊ वं, अजून भित्री होते.’’ आमच्या डॉक्टरांनी हे खोडून काढलं. भीती ही काही खोड नाही, लाड केल्याने ती वाढत नाही. कुत्रा जवळ आला तर बसू द्यावं, हात ठेवावा. लपायचं असेल तर लपू द्यावं, ओढून काढू नये. मी आता तिच्या शेजारी चटई टाकून बसते आणि प्रत्येक कडकडाटानंतर चिकनचा एक तुकडा तिच्यापुढे ठेवते. एप्रिलमध्ये ती तुकड्याकडे बघायचीही नाही. ऑगस्टपर्यंत लांबच्या आवाजांना खायला लागली. ज्या दिवशी तिने पहिला तुकडा उचलला, त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली.

रेकॉर्ड केलेल्या गडगडाटाची सवय लावताना आमची मोठी चूक झाली. अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवायचं असतं. धाकट्या भावाला चौथ्याच दिवशी वाटलं, ‘‘काही नाही करून राहिली ती, वाढवू ना.’’ त्याने आवाज दुप्पट केला. पुढचे पंधरा दिवस भुरी त्या खोलीत पाय टाकेना. नव्याने, दुसऱ्या खोलीत, शून्यापासून सुरुवात करावी लागली. शिवाय फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो खोल, छातीत घुमणारा आवाज येतच नाही. आणि लखलखाट, वारा, ओल्या मातीचा वास हे तर रेकॉर्डिंगमध्ये नसतंच. म्हणून त्यात पास झालेला कुत्रा खऱ्या वादळात पुन्हा घाबरू शकतो. हे काम पावसाळ्यात करू नका, हिवाळ्यात करा.

औषधाबद्दल. 2024 मध्ये ओळखीच्या एकाने सुचवलेली ॲसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाची गोळी आम्ही दिली होती. भुरी आडवी पडली, आम्हाला वाटलं झोपली. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे, बाहुल्या मोठ्या, कान मागे. डॉक्टरांनी नंतर समजावलं की त्या औषधाने शरीर ढिलं पडतं, भीती मात्र तशीच राहते. कुत्रा घाबरलेलाच असतो, फक्त हलू शकत नाही. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. यंदा तिला तपासून, वजन बघून दिलेलं भीतीवरचं औषध फक्त मोठ्या वादळांना आणि दिवाळीत वापरलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तितका वेळ आधी देऊन. माणसांच्या गोळ्या, सिरप मनाने देऊ नका. काही सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. कुठे जावं कळत नसेल तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

दिवाळीत संध्याकाळी पाचच्या आत फिरवून आणायचो, गळपट्ट्यावर फोन नंबर, पट्टा दुहेरी. फटाक्यांना घाबरून पळालेली कुत्री दिवाळीत हरवतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती जिन्याखाली होती, जॅकेट घालून, स्पीकर चालू. सुतळी बॉम्बला दचकली, पण दार खरवडलं नाही. साडेदहाला पाणी प्यायली. गेल्या वर्षी त्या रात्री तिने सकाळपर्यंत पाण्याला तोंड लावलं नव्हतं. जिन्याच्या बाहेरच्या बाजूला गल्लीतली दोन कुत्री येऊन बसली होती, त्यांच्यासाठी फाटक उघडं ठेवून पोती टाकली.

आठ महिन्यांत जॅकेटची शिवण टिकली, वेल्क्रोत मात्र केस अडकून पकड सैल झाली आहे. जुन्या टूथब्रशने साफ केलं की पुन्हा धरतं. ते पुन्हा घेईन का? हो, पण आधी जिन्याखालची जागा, पडदा आणि स्पीकर करा, पैसे उरले तर जॅकेट. थंडी पडली आहे, परवापासून रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलंय, आवाज एकावर. भुरी समोर बसून गाजर खाते आहे.