तीन किलोवॉटचं ऑन-ग्रिड सोलर: पॅनेल सोडून बाकीचं आधी बघा

घराच्या गच्चीवरच्या, विजेच्या लाइनला जोडलेल्या म्हणजे ऑन-ग्रिड सोलरला प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं अनुदान मिळतं, पण ते ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. म्हणूनच विक्रेते सरसकट हेच माप सुचवतात. महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट लागत असतील तर ते योग्यही आहे. वापर दीडशेच्या आत असेल तर मात्र एवढं मोठं घेऊ नका: लाइनमध्ये गेलेली जास्तीची युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात खरी, पण ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्यांना अगदी कमी दर मिळतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

पॅकेजमध्ये ५४० वॉटची सहा पॅनेल, स्ट्रिंग इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसीचा घरचा एसी करणारा), पॅनेल बसवायचा सांगाडा, एसीडीबी-डीसीडीबी म्हणजे एसी आणि डीसी बाजूच्या फ्यूज-स्विचच्या पेट्या, तीन अर्थिंग आणि आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारं नेट मीटर येतं. अनुदान हवं तर पॅनेल डीसीआर, म्हणजे आतले सेलही भारतात बनलेले हवेत. घासाघीस सगळी पॅनेलच्या ब्रँडवरून होते, आणि तोच सगळ्यात कमी बिघडणारा भाग.

बिघाड सुरू होतो सांगाड्यापासून. स्वस्त कोटेशनमध्ये प्री-गॅल्व्हनाइज्ड (आधीच जस्ताचा पातळ थर दिलेला) पाइप जागेवर कापून, वेल्डिंग करून, वरून चंदेरी रंग फासलेला असतो. कापलेल्या कडेला जस्त उरत नाही आणि गंज तिथूनच धरतो. कोकणात तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच. हॉट-डिप केलेले, म्हणजे कापून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेले तयार भाग, नट-बोल्टनी जोडलेले, असंच लिहून घ्या. पाय स्लॅबमध्ये भोक पाडून बसवले की वॉटरप्रूफिंग गेलंच समजा. त्याऐवजी वजनदार काँक्रीटचे ठोकळे, वाऱ्याचा हिशेब करून.

दुसरी जागा म्हणजे एमसी-४ कनेक्टर, पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणारे. सहा पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली की उन्हात अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होतो. कनेक्टर त्यासाठीच्या क्रिंपिंग टूलऐवजी साध्या पकडीने दाबला, किंवा नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची लावली, तर सांधा सैल राहतो, तापतो आणि वितळतो. वायरिंग झाल्यावर पॅनेलखाली वाकून बघा: कनेक्टर गच्चीवर टेकलेले नकोत, सांगाड्याला बांधलेले हवेत.

तिसरी तक्रार नेहमीची: ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो आणि स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ येतं. सहसा यात इन्व्हर्टरचा दोष नसतो. तयार झालेली वीज बाहेर ढकलायला त्याला लाइनपेक्षा थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. मीटरपर्यंतची केबल बारीक आणि लांब असेल तर हा फरक वाढतो आणि मर्यादा ओलांडली जाते. आधी जाड केबल टाकून घ्या. तरीही थांबलं नाही तर महावितरणकडे व्होल्टेजची लेखी तक्रार द्या. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवणं त्यांच्या हातात आहे.

लाइट गेली की हे सोलरही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. भारनियमनावर उपाय म्हणून घेत असाल तर बॅटरीवालं हायब्रिड बघा, पण त्याची किंमत वेगळी.

उत्पादन वर्षाला साधारण ४,००० युनिट धरा. ते सगळ्यात जास्त मे महिन्यात मिळेल असं वाटतं, पण सेल २५ अंशांच्या वर गेला की दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट होते. गच्चीवर सेल ६० अंशांवर सहज जातो, म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. फेब्रुवारी-मार्च खरे भरघोस.

आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने वर्षाला २.८ टन वाचतात. फक्त हे दिवसाचं गणित. रात्रीचा पंखा आणि एसी अजून मुख्यतः चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच चालतो, बिलात शून्य युनिट आली तरी.

धुणं पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, मऊ ब्रशने. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग धरतात, ते टाळा. कबुतरांसाठी कडेने जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या. घरटं झाल्यावर काढणं कठीण. विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, पण धुणं त्यात धरलंय का ते करारात वाचून घ्या. बहुतेकदा नसतं.