लाइक: नुसता आकडा की वेगळं टेबल?

लालबागच्या एखाद्या मंडळाच्या ॲपवर बाप्पाच्या मुखदर्शनाचा फोटो आला की लाइकचा पाऊस सुरू. हे लाइक डेटाबेसमध्ये साठवायचे कसे? पोस्टच्या रोमध्येच, म्हणजे टेबलातल्या तिच्या ओळीतच, एक कॉलम ठेवून आकडा वाढवत जाणं सोपं, वाचायलाही झटपट. पण लाइक कुणाचा ते कळत नाही. शिवाय पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये प्रत्येक अपडेट त्याच एका रोवर लॉक घेतं, बाकीचे मागे ताटकळतात.

मला प्रत्येक लाइकला एक रो देणारं वेगळं टेबल केव्हाही बरं वाटतं. युजर आणि पोस्ट या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावायचा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदता येत नाही. मग लोकलमध्ये नेट अडखळून दोनदा गेलेली रिक्वेस्ट 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (जोडी आधीच असेल तर काही करू नको) ही आज्ञा निमूट गिळते. फेसबुकने २०१६ मध्ये लाइकशेजारी 'लव्ह', 'हाहा' आणले. तसं हवं असेल तर प्रकाराचा एक कॉलम वाढवला की झालं. दर वेळी सगळ्या रोंची मोजणी तेवढी महाग पडते. बेरीज कॅशमध्ये, म्हणजे झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. आकडा मिनिटभर शिळा असला तर कुणी भांडायला येत नाही.