मोठ्या टायपातलं मराठी बायबल: आठ महिने वापरल्यावर

ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून मंगळवार-शुक्रवार चार-चार तास बाहेरच्या बाकावर जातात. जुन्या बायबलातली अक्षरं दिसेनात, म्हणून हे घेतलं. टाइप ठळक, ओळींत अंतरही भरपूर. कागद मात्र पातळ, मागची अक्षरं उमटतात. वजन तर इतकं, की मांडीवर पिशवीची घडी ठेवावी लागते. चेनचं कव्हर घ्याच. पावसात त्यानंच वाचवलं.

२ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाच्या पत्रातल्या अध्याय १२ चं पान आता मऊ पडलंय. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून पौलानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. मीही देवाशी भांडले. रिपोर्ट तसेच आहेत. पण पहाटे डबा भरताना हात थरथरायचे, ते थांबलंय. त्या दिवसापुरतं बळ तो देतो, खरंच देतो.

पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी त्यांनी बायबलचं भाषांतर सोडलं नाही. १९२२ मध्ये स्वतः जाण्याआधी पुरं केलं. हे आठवलं की पान उलटायला धीर येतो.

परवा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाचा की, ताई." आता दर शुक्रवारी दोघींसाठी वाचते.